परमुलखातली बाई

लातूरला मी पहिल्यांदा उतरले ती 1972च्या जूनमध्ये, पहाटे, हातात पत्र्याची ट्रंक आणि सोबत दादा. दादा म्हणजे माझे वडील. गुहागरहून निघून आम्हाला तिसरा दिवस उजाडत होता. एसटीने चिपळूण, मग कुंभार्ली घाटातून कराड, तिथून मिरज, आणि मिरजेला ती छोटी गाडी. बार्शी लाइट. तिचे रूळ जेमतेम अडीच फूट रुंदीचे. समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागायचे. पंढरपूरला डबा वारकऱ्यांनी भरला, कुर्डुवाडीला रिकामा झाला, बार्शीला पुन्हा भरला. येडशीच्या चढाला गाडी इतकी धापा टाकू लागली की दादा म्हणाले, "उतरून मागून ढकलू या का?" हसले फक्त तेच. मला रडू येत होतं.

नोकरी मिळाली होती वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून. मुलींच्या शाळेला इंग्रजी शिकवायला पदवीधर, बी.एड. झालेली बाई हवी होती. रत्नागिरी जिल्ह्यात तेव्हा माझ्यासारख्या पुष्कळ होत्या, लातूरकडे नव्हत्या. त्यामागचं कारण मला मागाहून कळलं. 1948पर्यंत हा सगळा मुलूख निजामाचा. वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून, सरकारी कारभार उर्दूतून, हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठही उर्दूचं. मुलूख मोकळा झाल्यावर मराठी शाळा भराभर निघाल्या, पण शिकवणारी माणसं पुण्या-साताऱ्या-सोलापूरकडून आणावी लागली. म्हणजे मी शेवटच्या खेपेतली. आमच्या गुहागरला मात्र कुणालाच हे ठाऊक नव्हतं. माझी आत्या आईला म्हणाली होती, "मोगलाईत पाठवतेयस पोरीला?" निजाम जाऊन चोवीस वर्षं झाली होती, पण आत्याच्या मते तिकडे अजून मोगलाईच होती.

राहायची सोय शाळेनेच लावली होती. बाजाराच्या गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर एका लिंगायत कुटुंबाचं जुनं घर. दगडी भिंती, वर माळवद, दारातून आत शिरलं की ढाळज, पुढे अंगण, अंगणात आड. घरात आप्पा, काकू, आप्पांची आई म्हणजे आजी, आणि तीन मुलं. आप्पा एका अडत दुकानात मुनीम होते. ढाळजेच्या बाजूची खोली मला मिळाली.

आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा काकू तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि दादांच्या पायांवर पाणी घातलं, मग माझ्या. दादा संकोचले. मला त्यात विशेष काही वाटलं नाही, कारण आमच्याकडे पाणी ही विचार करण्याची वस्तूच नव्हती. घरामागे विहीर, पुढे समुद्र, चार महिने वरून धो धो.

त्या सकाळी मी न्हाणीत गेले. तीन दिवसांचा कोळसा आणि धूळ अंगावर होती. काकूंनी घंगाळात पाणी काढून ठेवलं होतं. ते मी सगळं संपवलं, केसांवरून घेतलं, आणि आतूनच हाक मारली, "काकू, अजून थोडं मिळेल?" क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग दारावर टकटक झाली आणि फटीतून एक घागर आत सरकली. तीही मी रिकामी केली. बाहेर आले तर मोठी मुलगी रिकामी घागर काखेत घेऊन कुठेतरी निघाली होती, मागे धाकटा भाऊ तपेलं घेऊन. मृग कोरडा चालला होता. आडातलं पाणी तळाला गेलं होतं, पोहरा घासून वर यायचा तो निम्मा गाळ घेऊन. मी अंगावर ओतलं ते त्या घरातल्या सहा माणसांचं दिवसाचं पाणी होतं.

काकू त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढे कधीच नाही. ते सगळ्यांचं पाणी होतं हे मला समजलं आठ दिवसांनी, तेही आजीकडून. काकूंची अंघोळ मी पाहिली तेव्हा त्या दगडावर बसून दोन तांब्यांत उरकत होत्या, आणि न्हाणीच्या मोरीखाली तपेलं ठेवलेलं होतं. त्यात साठलेलं पाणी धुण्याच्या पहिल्या खळबळीला, ते झालं की सारवणाच्या शेणात. मी आजीला विचारलं, "पहिल्या दिवशी मला सांगितलं का नाही?" आजी म्हणाली, "पावन्याला पानी मोजून देत्यात का ओ बाई?"

मग मीच मोजायला लागले. तीन तांबे. दिवाळीपर्यंत दोन.

ट्रंकेत आणखी एक भानगड होती. आईने सोड्यांचा डबा घातला होता. सोडे म्हणजे वाळवलेली कोळंबी. तिच्या मते परमुलखात पोरीला तोंडी लावायला काही मिळणार नाही, म्हणून. घर लिंगायत आहे म्हणजे कांदा-लसणापलीकडे काही चालत नाही, हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. जूनची उष्णता, पत्र्याची ट्रंक. तिसऱ्या दिवशी आजी घरभर वास घेत फिरायला लागली. तिला वाटलं उंदीर मेला. पोरांनी कोपरे पालथे घातले, बळदामागे काठी घालून पाहिली. मी खोलीचं दार लावून आत बसून होते. शेवटी रात्री काकूंना सगळं सांगितलं. काकूंनी पदराने नाक धरलं, दुसऱ्या हाताने डबा उचलला आणि मागच्या बोळातून पलीकडच्या मुसलमान शेजारणीकडे नेऊन दिला. दोन दिवसांनी डबा परत आला, राखेने लख्ख घासलेला, आत भाजलेल्या शेंगा. आजीला उंदराचं काय झालं ते कधीच सांगितलं नाही. तिला ठाऊक होतं असा मला संशय आहे.

जेवणाशी जमवून घ्यायला वर्ष गेलं. भाताच्या माणसाला ज्वारीची भाकरी पहिल्या घासाला बरी वाटते, आठव्या दिवशी नको होते, आणि सहा महिन्यांनी ती नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. काकूंच्या हातची येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, सणाला गव्हाची हुग्गी. मला शब्दच कळायचे नाहीत. एकदा काकू म्हणाल्या, "कोरड्यास वाढू का?" मी म्हटलं वाढा. ताटात चांगली पातळ, रश्श्याची भाजी आली. मी म्हटलं, "हे तर ओलं आहे." काकूंना माझं बोलणं कळेना. भाकरीबरोबर जे खायचं ते कोरड्यास, मग ते किती का पातळ असेना. आणखी एकदा आप्पा सांगून गेले, माळवं आणून ठेवलंय. मी शिडीने वर चढले आणि माळवदावर शोधत बसले. माळवं म्हणजे भाजीपाला, ते खाली चुलीपाशी होतं.

वर्गात याच्या उलट. मी इंग्रजी शिकवायला आले होते, पण मुलींना आधी माझं मराठी समजायला हवं होतं. माझं कोकणी हेल काढून बोलणं ऐकून मागच्या बाकांवर खुसखुस चालायची. त्यांचं "काय करूलालाव?" मला पहिल्यांदा ऐकताना तेलुगू वाटलं. करतोय, करते आहे याऐवजी करूलालाव, येऊलालाव, जाऊलालाव. चालू वर्तमानकाळाचं असं रोकडं रूप माझ्याजवळ नव्हतं. मग मी त्याचाच उपयोग केला. इंग्रजीतला चालू वर्तमानकाळ शिकवताना फळ्यावर लिहिलं, "मी पुस्तक वाचूलालाव". सगळा वर्ग हसला, आणि त्या दिवसापासून तो काळ कुणाचा चुकला नाही. मुख्याध्यापिकांना ते आवडलं नाही. शाळेत प्रमाण भाषाच हवी, असं त्यांचं म्हणणं. मी मान डोलावली आणि पुढच्या वर्षी तसंच शिकवलं.

पुस्तकात समुद्रावरचा एक धडा होता. वर्गातल्या एकाही मुलीने समुद्र पाहिलेला नव्हता. मी भरतीबद्दल सांगितलं, लाटा कशा घरापर्यंत येतात ते सांगितलं. एकीने विचारलं, "बाई, मग पानी भराया लांब जावं लागत नसंल." मी म्हटलं ते खारं असतं, पिता येत नाही. तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "मग कशाला एवढं?" त्यावर मला काही सुचलं नाही.

पाऊस त्या वर्षी आलाच नाही. 72चा दुष्काळ म्हणून तो आता सगळ्यांना माहीत आहे, पण तेव्हा त्याला नाव नव्हतं. आज येईल, उद्या येईल, हस्त तरी बरसेल असं चाललं होतं. आप्पांच्या अडतीत माल येईना. एरवी दसऱ्यानंतर गोलाईत बैलगाड्यांना उभं राहायला जागा नसायची, त्या वर्षी हमाल दिवसभर सावलीला बसून असायचे. खेड्यांतून माणसं दुष्काळी कामांवर जाऊ लागली. पाझर तलाव, रस्ते, नालाबंडिंग. रेशनला लाल मिलो आला, अमेरिकेचा. त्याची भाकरी थापता थापता मोडायची. कामांवर पोरांना सुकडी वाटायचे.

माझ्या वर्गातल्या मुली दिवाळीनंतर कमी व्हायला लागल्या. बाहेरगावच्या, मावशीकडे-आत्याकडे राहून शिकणाऱ्या आधी गेल्या, कारण मावशीला आपल्याच पोरांची भ्रांत होती. समुद्रावर प्रश्न विचारणारी मुलगी त्यातलीच. ती पुढच्या जुलैत परत आली, 1973चा पाऊस चांगला लागल्यावर. आईबरोबर खडी फोडायला जात होती, असं म्हणाली. हाताला घट्टे होते आणि टाक धरताना बोटं वळत नव्हती. वर्ष वाया गेलं होतं म्हणून ती खालच्या वर्गात बसली. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. पत्रिका द्यायला आली होती, अक्षर तिचंच होतं.

त्या दुष्काळातही येळवस झाली, हे मला सांगायलाच हवं. वेळ अमावस्या म्हणजे लातूर-धाराशिवकडचा सण, मार्गशीर्ष अमावस्येला. या दिवशी गाव ओस पडतं, सगळे रानात जातात. आजही लातुरात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. 1973च्या जानेवारीच्या सुरुवातीला ती आली. आप्पांचं वडिलोपार्जित रान औशाच्या वाटेवर होतं. मला वाटलं, रानात काडी नाही, यंदा कोण जाणार? काकू मध्यरात्रीच उठल्या. भज्जीला, म्हणजे सणाच्या मिसळ भाजीला, ओल्या शेंगा, हिरवा वटाणा, तुरीचे कोवळे दाणे लागतात, त्यातलं काहीच नव्हतं. काकूंनी मागल्या वर्षीच्या डाळी, वाळवलेले वाल, थोडी मेथी असं जमवून पातेलंभर भज्जी केली. ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबील, बाजरीचे उंडे, थोडा खिचडा. आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन आप्पा पुढे, आम्ही मागे.

रान भेगाळलेलं. दर वर्षी उभ्या ज्वारीत कडब्याची कोप करतात, त्या वर्षी कडबा जनावरांनी केव्हाच खाल्ला होता. आप्पांनी चार काठ्या रोवून त्यावर काकूंचं जुनं लुगडं टाकलं. पाच दगड मांडले, चुना लावला. ते पांडव. पूजा झाली आणि आप्पा आंबील शिंपडत बांधाने फिरायला लागले, जिथे पीक नव्हतं त्या सबंध रानाला फेरी घालून. मी पाहत होते. आम्हाला प्यायला घरात पाणी मोजून, आणि हा माणूस भेगांत आंबील शिंपडतोय. माझ्यातली बी.एड. झालेली बाई काहीतरी बोलणार होती. बोलले नाही ते बरं झालं. नंतर सगळे जेवायला बसले आणि वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला आप्पा हाक मारून बोलवत होते. येळवसीला वाटेच्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. शेजारच्या रानातल्या लोकांनी आम्हाला त्यांच्याकडे ओढून नेलं. तिथली भज्जी काकूंच्या भज्जीपेक्षा पातळ होती.

संध्याकाळचा माझा वेळ आप्पांबरोबर जायचा. आप्पांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं. दुकानाची वही ते मराठीत लिहायचे, पण स्वतःची टिपणं उर्दूत. हैदराबादचा 'सियासत' दोन-तीन दिवसांनी त्यांच्या हाती यायचा, तो ते कपाळाला विभूती लावून ढाळजेत बसून मोठ्याने वाचायचे. आमच्यात करार झाला. मी त्यांना इंग्रजी अक्षरं शिकवायची, त्यांनी मला उर्दू. मी अलिफ-बे-ते गिरवलं, चार महिन्यांत पाट्या वाचण्यापर्यंत मजल गेली. त्यांचं इंग्रजी सही करण्यापुरतं आलं. बँकेत ते तशीच सही करायचे, आणि दर वेळी कारकून जुन्या सहीशी ताडून पाहून परत पाठवायचा.

आप्पांकडूनच कळलं की मी ज्या छोट्या गाडीने आले ती पूर्वी दोन राज्यांतून धावत असे. बार्शी इंग्रजांची, लातूर निजामाचं. मध्ये करोडगिरीचा नाका, सामानाची झडती. पैसाही वेगळा, इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. 1948च्या उन्हाळ्यात निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या भीतीने आप्पांनी काकूंना आणि आजीला हद्दीपलीकडे बार्शीला ठेवलं होतं. काकूंचं नुकतंच लग्न झालं होतं. सप्टेंबरात भारत सरकारची पोलिस अॅक्शन झाली, त्यानंतर त्या परत आल्या. काकूंना त्या दिवसांतलं फारसं बोलायला आवडत नसे. एवढंच म्हणायच्या, "बार्शीच्या घरवालीनं लई केलं. तिचं भाडं द्यायचं राहिलं ते राहिलंच." माझ्याकडून भाडं घेताना दर महिन्याला काकू इतक्या अवघडायच्या, ते कशामुळे हे मला तेव्हा कळलं.

आजीचं माहेर भालकीचं. बिदर जिल्हा. ती घरात कधीकधी कानडीत पुटपुटायची, विशेषतः रागावली की. 1 नोव्हेंबर 1956ला राज्यांची फेररचना झाली आणि भालकी म्हैसूर राज्यात गेलं. बिदरचेच उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके इकडे आले. तिचा भाऊ तिकडे, मुलगा इकडे. माझी ओळख करून देताना कुणी "या बाहेरच्या" म्हणालं, की आजी लगेच बोलायची, "म्या बी भायेरचीच. ह्या तर गाडीत बसून आल्या, म्या जाग्यावर बसून भायेरची झाले."

मे महिन्याच्या सुट्टीत गुहागरला जायचे. परतताना आईने पेटीभर हापूस दिले. आजीने एक खाल्ला, कोय चोखली, हात धुतला. म्हणाली, "गोड हाय. पर रस काढाय आमची गावरान गोटीच बरी." मी हा अपमान आईला कळवला नाही. आईला मात्र माझी काळजी वाटायला लागली होती. मी घरी भाकरी मागत होते, आणि न्हाणीत तिसऱ्या तांब्याला थांबत होते. विहीर काठोकाठ भरलेली असताना.

पाच वर्षांनी नांदेडला गेले. त्या काळात बाहेरून एम.ए. केलं होतं, नांदेडच्या एका महाविद्यालयात जागा मिळाली. तोपर्यंत एकट्या बाईने खोली घेण्याचं धाडस आलं होतं, तरी दादांच्या सांगण्यावरून पुन्हा घरगुतीच जागा पाहिली. गुरुद्वाऱ्याजवळच्या गल्लीत एका दख्खनी शीख कुटुंबाच्या घरी वरची खोली. पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांनी 1830च्या दशकात इथला गुरुद्वारा बांधायला माणसं पाठवली, त्यांतली काही इथेच राहिली. आमच्या घरमालकांचे पूर्वज त्यांच्यापैकी, असं ते सांगत. घरातल्या म्हाताऱ्या बाईंचं मराठी माझ्यापेक्षा अस्सल. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय करायलात बाई? चहा घेतलात का?" मी उत्तर दिलं, "वाचूलालाव." त्या जिन्यातच थांबल्या. "लातूरच्या हाव का तुमी?"

गुहागरच्या मुलीला कुणी लातूरची म्हणावं! मी हो म्हटलं. खोटं बोलले असं मला आजही वाटत नाही.

नांदेडला पाण्याची ददात नव्हती. गोदावरी घाटाला लागून, पहाटे लोक नगीना घाटावर अंघोळीला जायचे. तरी पहिला महिना मी तीनच तांबे घेतले. लंगरची वेळ झाली की आमच्या घरातलं कुणी ना कुणी सेवेला असायचं, मीही जायची. हजारो पोळ्या लाटणाऱ्या बायकांत बसलं की कुणी विचारत नाही तू कुठली. माझी पोळी गोल होत नाही एवढंच सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

नांदेडचं एक सुख म्हणजे भाषणं. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर तेव्हा ऐन भरात होते. इतिहास, राज्यघटना, नाट्यशास्त्र, कशावरही ते बोलत आणि हातात कागद नसे. निजामी राजवटीबद्दल त्यांचं बोलणं ऐकताना मला आप्पांच्या सगळ्या तुटक गोष्टी जागच्या जागी बसल्यासारख्या वाटल्या. एका भाषणाला मी आप्पांना लातूरहून बोलावून घेतलं. दीड तास ते हलले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "मानूस आपल्यातला हाय." 10 फेब्रुवारी 1982ला औरंगाबादेत कार्यक्रमातच कुरुंदकर गेले, तेव्हा आप्पांचं पत्र आलं होतं. दोन ओळी मराठीत, पुढचं सगळं उर्दूत. वाचायला मला अख्खी संध्याकाळ लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उस्मानाबादेतून, म्हणजे आताच्या धाराशिवातून, लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याचे पेढे मात्र त्यांनी स्वतः आणून दिले.

लग्न नांदेडलाच झालं, मुलं झाली. त्यावर विशेष लिहिण्यासारखं नाही. बरं चाललं.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे चार वाजायच्या आत नांदेडलाही भांडी वाजली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं गाढ झोपेत. सकाळी रेडिओवर भूकंपाची बातमी आणि किल्लारीचं नाव आलं. फोन लागेना. तिसऱ्या दिवशी मी एसटीने लातूर गाठलं. शहरात पडझड थोडी होती, सगळा घात औसा, निलंगा, उमरगा या बाजूला झाला. माळवदाची घरं: चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर फूट-दीड फूट माती. ती माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारो गेली. काकू अंगणात बाजेवर बसल्या होत्या. आजी त्याआधीच गेली होती, आप्पा थकले होते. ढाळजेच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग. घरात झोपायला कुणी तयार नव्हतं, सबंध गल्ली रस्त्यावर. त्या माळवदावर आम्ही उन्हाळाभर झोपत होतो, सगळे ओळीने, उशाशी पाण्याचा एक तांब्या. दिवाळीनंतर त्यांनी ते उतरवलं. माती काढायला बारा दिवस लागले. वर पत्रे टाकले, पुढे मुलाने स्लॅब ओतला.

छोटी गाडीही गेली. 2007-08च्या सुमारास लातूरकडचे रूळ रुंद झाले, मार्गही बदलला. पूर्वी उस्मानाबाद शहर बाजूला राहायचं, आता गाडी तिथून येते.

2016च्या एप्रिलमध्ये टीव्हीवर ती दुसरी गाडी पाहिली. लातूरचा मांजरा प्रकल्प कोरडा पडला होता, टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. 11 एप्रिलला मिरजेहून पाण्याचे 10 टँकर घेऊन रेल्वे निघाली आणि 12ला पहाटे लातूरला पोचली. सुमारे 5 लाख लिटर पाणी. मी काकूंना फोन केला. त्या पंच्याऐंशीच्या घरात होत्या, ऐकू कमी येत होतं, म्हणून मी ओरडून सांगितलं, मिरजेहून पाणी आलंय. काकू म्हणाल्या, "ठावं हाय. तुमीबी तिकडूनच आल्ता की ओ. या एकदा."

मे महिन्यात गेले. जाताना एसटीत वीस लिटरचा कॅन भरून घेतला, कंडक्टरने त्याचं वेगळं तिकीट लावलं. दारात काकूंच्या सुनेने पायांवर पाणी घातलं, नको नको म्हणत असताना. काकूंचं लक्ष कॅनकडे गेलं. पाहुणीने पाणी घेऊन यायचं म्हणजे काय, असं म्हणून त्या रागावल्या आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. कॅन मात्र ठेवून घेतला.